फुल साइज कॅरम बोर्ड : एका सुताराने बघून, ठोकून, खेळवून घेतलेला

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. घरात लेकरू असेल आणि कॅरम घ्यायचा विचार असेल तर २० इंची, २६ इंची बोर्डाच्या नादी लागू नका. घ्यायचा तर फुल साइज घ्या, म्हणजे आतली खेळायची जागा २९ बाय २९ इंच असलेला. जागा अडते, उचलायला दोन माणसं लागतात, पैसेही जास्त जातात. तरी तोच घ्या. लहान बोर्डावर एकटं पोरगं कॉटवर बसून सोंगट्या ढकलत राहतं. मोठ्या बोर्डाला चार बाजूंना चार माणसं लागतात, आणि माणसं जमवायलाच तर मी तो आणला होता.

मी लातूरचा. धंद्याने सुतार. कपाटं, दारं, देव्हारे, आता जास्त करून किचनच्या ट्रॉल्या. त्यामुळे बोर्डाच्या लाकडाबद्दल जे लिहीन ते पोटापाण्याचं ज्ञान आहे. खेळाबद्दल जे लिहीन ते मात्र आमच्या पडवीत बसणाऱ्या लेकरांकडून शिकलेलं.

बोर्ड कुणासाठी ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी धाकटी बहीण आणि दाजी पुण्याकडे चाकणला कंपनीत. दोघांच्याही शिफ्ट. त्यांचा मुलगा, घरात आम्ही त्याला सोन्या म्हणतो, नऊ वर्षांचा, दम्याचा. तिकडे एका खोलीत बंद दाराआड टीव्हीसमोर बसलेला असायचा. शाळेला महिन्यात निम्मे दिवस दांडी. वर्गात मित्र कुणी नाही, कारण मित्र व्हायला आधी वर्गात दिसावं लागतं. शेवटी बहीण म्हणाली, दादा, एक वर्ष आजोळी ठेव. आणला. हातापायाच्या काड्या, डोळ्याखाली काळं, आणि सवय अशी की कुणी आलं की दाराच्या मागे जाऊन उभा राहायचा. आमची आई म्हणायची, "लेकरू हाय का सावली हाय?"

आईचे नियम सोन्यापेक्षा मोठे. केळं नको, दही नको, पळू नको, घाम आला की वाऱ्याला बसू नको. दम्याचा पंप, म्हणजे इनहेलर, तिच्या लेखी व्यसन: "एकदा का सवय लागली की जन्माची." हे आमच्या भागात घराघरात ऐकाल. लातूरच्या बालरोग डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं की पंप दोन तऱ्हेचे असतात. एक रोजचा, श्वासनळ्यांची सूज आटोक्यात ठेवणारा, लेकरू ठणठणीत दिसलं तरी सांगितलं तितके दिवस घ्यायचा. दुसरा धाप लागली तर तेवढ्यापुरता. पंपातलं औषध थेट नळ्यांत जातं, म्हणून ते पोटातल्या गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत पुरतं. सोबत स्पेसर, तो प्लॅस्टिकचा नळा. पंप हलवायचा, नळ्याला लावायचा, एकदाच दाबायचा, आणि लेकराने सावकाश श्वास घ्यायचा. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची. डॉक्टर आणखी एक म्हणाले, ते आईला अजून पटलेलं नाही: दमा आटोक्यात असेल तर या मुलाने खेळायलाच पाहिजे.

माझ्याकडे बघून त्यांनी वेगळंच विचारलं, "तुमचं कटिंग मशीन कुठं असतं?" लाकडाचा भुसा उडवणारं ते मशीन आमच्या पडवीत. त्याच महिन्यात ते उचलून औसा रोडच्या बाजूला एका मित्राच्या शेडमध्ये नेलं. भाडं बसतं. पण पडवी रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या जागेवरूनच कॅरमचा विचार आला.

आता बोर्ड. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या एका रस्त्यावर खेळाच्या सामानाची दोनचार दुकानं आहेत. साडेतीन हजारांच्या आसपास पडला. कंपनीचं नाव विचारू नका, मागचं स्टिकर पोरांनी पहिल्या महिन्यातच सोलून काढलं. तसंही नावापेक्षा बोर्ड कसा बघायचा ते कळलं तर कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल.

दुकानदार बोर्ड भिंतीला टेकवून दाखवतो. तसा बघू नका. आडवा ठेवायला लावा, टेबलावर. बोटाच्या पेराने मधोमध ठोका, मग कोपऱ्यांजवळ ठोका. आवाज सगळीकडे सारखा आणि भरीव यायला हवा. कुठे पोकळ वाजला तर तिथे प्लायच्या थरांत हवा आहे, वर्षभरात तिथे फुगवटा येणार. मग पालथा घालून कडेचे थर बघा. प्लाय असेल तर थर वेगवेगळे दिसतात. थर न दिसता नुसता दाबलेला भुसा दिसला तर तो एमडीएफ, तो घेऊ नका, पाण्याचा एक पेला सांडला की संपला. जाडी निदान ८ मिलिमीटर हवी. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाचा नियमही तेवढाच आहे. ही संस्था १९८८ साली चेन्नईत स्थापन झाली. बाजारात ४ मिलिमीटरचे बोर्ड 'स्पेशल' म्हणून विकतात, त्यांच्यावर सोंगटी उडते कमी आणि घसपटते जास्त.

खिशात सरळ पट्टी घेऊन जा. पट्टी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी धरा आणि खाली डोळा लावून बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर बोर्डाला बाक आहे. दुकानदार "उन्हात ठेवला की सरळ होईल" म्हणेल. होत नाही. प्लायचा बाक उन्हाने जात नाही, वाढतो.

कड, म्हणजे फ्रेम, शिसमची असेल तर उत्तम, पण त्याचे पैसे वेगळे. आम्ही घेतलेल्याला बाभळीसारखं कुठलं तरी कठीण लाकूड आहे आणि वरून गडद पॉलिश मारून शिसम म्हणून विकलंय. हे सगळे करतात. त्याचा मला राग नाही, लाकूड टणक आहे. बघायचं ते कोपऱ्यात, जिथे दोन कडा ४५ अंशात भिडतात. तिथे नख जायला नको. आमच्या बोर्डाच्या एका कोपऱ्यात जरा फट होती, ती मी घरी आणून भरली. तुम्ही सुतार नसाल तर तसला बोर्ड परत करा. शेवटी स्ट्रायकर घेऊन समोरच्या कडेवर जोरात मारा. तो परत येऊन तुमच्या कडेवर आपटून पुन्हा समोर निघाला पाहिजे. मधेच दम सोडला तर कड मऊ आहे.

सोबत आलेलं सामान सुमार. सोंगट्या लाकडी, ९ काळ्या, ९ पांढऱ्या आणि १ राणी, आकडा बरोबर, पण काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्यांच्या जाडीत हाताला कळेल एवढा फरक. सोंगटीचं वजन नियमाने ५ ते साडेपाच ग्रॅम असावं. आमच्या गल्लीत सोन्याचांदीचं दुकान आहे, तिथल्या काट्यावर आम्ही ठेवून बघितल्या, काही चारच्या आत भरल्या. सराफ हसला, पण तोलून दिल्या. स्ट्रायकर तर फुंकर मारली तरी हलेल असला. नियमाने तो १५ ग्रॅमपर्यंत चालतो. चांगला वेगळा विकत घेतला, सोंगट्यांचा सेटही पुढे वेगळा घेतला. हा खर्च आधीच धरून चला. कोपऱ्यातल्या जाळ्या तर दिवाळीपर्यंतही टिकल्या नाहीत. आता मामी, म्हणजे माझी बायको, जुन्या मच्छरदाणीच्या शिवून देते आणि त्या बाजारच्यापेक्षा पक्क्या आहेत.

स्टँड मी बनवला. दुकानात लोखंडी घडीचा मिळतो, तो डुगडुगतो. नियमात उंची ६३ ते ७० सेंटिमीटर सांगितली आहे, ती मोठ्या माणसांची. लेकरांसाठी मी २२ इंचांचा केला. जमिनीवर ठेवून खेळलं तर पोरं पोटात गुडघे दुमडून वाकून बसतात, छाती आवळली जाते. ताठ बसून खेळता आलं पाहिजे, या एकाच कारणासाठी स्टँड. दम्याचं लेकरू घरात नसलं तरी पाठीसाठी स्टँड घ्याच.

पावडरीचं नीट वाचा. कॅरमला बोरिक पावडर लागते, त्याशिवाय सोंगटी चालत नाही. पण आमच्या घरात पांढरी धूळ उडवायची म्हणजे मशीन हलवून काय मिळवलं? डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, उडू देऊ नका, श्वासात जाऊ देऊ नका. मग मी पावडर सुती कापडात बांधून पुरचुंडी केली. खेळ सुरू व्हायच्या आधी सोन्या आत असताना मामी त्या पुरचुंडीने बोर्डावर हलकं थोपटते आणि कोरड्या फडक्याने पसरवते. चिमूटभर पुरते. डब्यातून भुरभुर टाकणारे लोक अर्धी पावडर हवेत आणि अर्धी शर्टावर घालवतात. आणखी, बोरिक पावडर पोटात जाणं वाईट. खेळ झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय कुणाला शेंगदाण्याला हात लावू द्यायचा नाही, आणि डबा रांगत्या लेकराच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही.

आता खेळाचं. पहिले काही दिवस सोन्या आणि मीच. मी कामावरून यायचो तेव्हा दमलेला असायचो, तो आधीच दमलेला असायचा. खरा खेळ सुरू झाला तो आवाजामुळे. मोठ्या बोर्डाचा ठॉक असा आवाज गल्लीत जातो. पलीकडच्या पंक्चरवाल्याची पोरगी, असेल दहा-अकरा वर्षांची, गेटच्या गजातून तोंड घालून उभी.

सोन्या नेहमीप्रमाणे दाराकडे सरकला. ती म्हणाली, "काय बघलालास? खेळायचं नसेल तर सरक, मी खेळते." आणि बसली की! तिचा नेम असा की मी चाळिशी ओलांडलेला माणूस तिच्यासमोर एक डाव जिंकलेला नाही. दुसऱ्या दिवशी तिने धाकट्या भावाला आणलं. मग समोरच्या घरातला नववीतला पोरगा. लातूरमध्ये नववीचं पोरगं म्हणजे सकाळी शाळा, दुपारी एक ट्यूशन, संध्याकाळी दुसरी. पण दोन ट्यूशनच्या मध्ये त्याला अर्धा-पाऊण तास मिळतो, तो आमच्या पडवीत सायकल टाकून तेवढ्यात खेळून घेतो.

आमचे आबा मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचं जग म्हणजे खाट, रेडिओ आणि तूर-सोयाबीनचे भाव. पोरांची गुणांवरून भांडणं सुरू झाली. गल्लीच्या हिशेबात काळी १०, पांढरी २०, राणी ५०. नववीवाला म्हणाला, खऱ्या नियमात समोरच्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा १ गुण, राणीचे ३, आणि जो आधी २५ करेल किंवा ८ बोर्डांनंतर, म्हणजे ८ डावांनंतर, पुढे असेल तो जिंकला. आबा खाटेवरून उठले, जुनी लाल खतावणी काढली आणि म्हणाले, "भांडू नका, मी लिहितो." तेव्हापासून आमच्या घरी कॅरमचा हिशेब जमा-नावेत चालतो. सोंगटी घातली की जमा, स्ट्रायकर खड्ड्यात गेला की नावे. पानाच्या वर "श्री" आहे. सोन्याच्या नावे सुरुवातीला बरंच होतं. ते फेडायचं म्हणून तो रोज बसायचा. त्याला वजाबाकी शाळेने नाही, आबांच्या खतावणीने शिकवली.

एका संध्याकाळचं सविस्तर लिहितो. सोयाबीनची मळणी सुरू होती, ऑक्टोबरात आमच्याकडे हवेतच भुसा असतो. डाव रंगात आलेला, राणी सोन्याने घातलेली आणि कव्हर, म्हणजे राणीमागोमाग घालायची आपली सोंगटी, बाकी. तेवढ्यात त्याला खोकला सुरू झाला, मग ती छातीतली शिट्टी. मी उठायच्या आत पंक्चरवाल्याची पोरगी उठली. कोनाड्यातल्या डब्यातून पंप आणि स्पेसर काढला, पंप खडखडा हलवला, नळ्याला लावून त्याच्या हातात दिला आणि मोठ्याने आकडे मोजू लागली, श्वासागणिक एक. नववीवाल्याने खुर्चीची पाठ धरून ठेवली. धाकटा भाऊ स्ट्रायकर हातात घेऊन गप्प. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय तेवढेच पफ, मधे थांबून. शिट्टी कमी झाली. आई आतून धावत आली, पदर तोंडाला, आणि नेहमीचं सुरू करणार तोच पोरगी तिला म्हणाली, "आजी, झालं. त्याचं कव्हर राहिलंय, मधे येऊ नका." आई खरंच मागे सरली! सोन्याने पाणी पिलं, थोडा वेळ बसला, आणि कव्हर चुकवलं. राणी परत बोर्डावर. त्यावर जे भांडण झालं त्यात सोन्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. या मुलाला भांडताना मी पहिल्यांदा ऐकलं. बहिणीला फोन करून सांगितलं तर ती रडायला लागली. मी म्हटलं, अगं, पोरगं भांडलालं, रडतेस काय?

त्या पोरांना पंप कुणी शिकवला? सोन्यानेच. आधी तो पंप लपवून घ्यायचा, आतल्या खोलीत. पोरांनी विचारलं, हे काय रे, तर त्याने सगळं दाखवलं, स्पेसर कसा साबणाच्या पाण्यात बुडवून धुवायचा आणि फडक्याने न पुसता तसाच वाळू द्यायचा, इथपर्यंत. आता ती सगळी त्यातली डॉक्टर झालीत.

येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, बोर्ड शेतात नेला. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको, त्या दिवशी शहर ओस असतं आणि सगळी माणसं रानात. मेव्हण्याच्या टेम्पोत पातेल्यांच्या शेजारी चादरीत गुंडाळलेला बोर्ड, वर पंक्चरवाल्याची दोन्ही लेकरं. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी, उंडे, खीर वाढली. आंबिलीवर आईची नजर होती, थंड आणि आंबट, पण सोन्या दोन पेले पिला आणि त्याला काही झालं नाही. जेवणानंतर बोर्ड बांधावर मांडला. आबांनी खतावणी आणलीच होती. मग पोरांनी कॅरम सोडून ज्वारीच्या कडेने शिवणापाणी सुरू केली. सोन्या पळाला. थांबून थांबून, पण पळाला. निघायच्या आधी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पंप घेतलेला होता, हे मुद्दाम लिहितो, नाहीतर कुणी तरी वाचून पंप बंद करेल.

म्हणूनच हेही सांगतो की दमा कॅरमने कमी झालेला नाही. कमी झाला तो रोजच्या औषधाने, मशीन हलवल्याने, घरातली मच्छर अगरबत्ती आणि देवघरातला धूप बंद केल्याने. धुपावरून आई आठवडाभर बोलत नव्हती, आता नुसतं निरांजन लावते. कॅरमने काय केलं तर गेट उघडं ठेवलं. शाळेची हजेरी आता बरी आहे, कारण पंक्चरवाल्याची पोरगी सकाळी हाक मारते आणि ती दुसऱ्यांदा मारत नाही, निघून जाते.

ठेवण्याबद्दल दोन शब्द. बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, पोटातून वाकतो. एक तर आडवा ठेवा नाहीतर अगदी ताठ उभा. आमच्याकडे मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की सागवानाच्या दाराचेही सांधे उघडतात. फ्रेमचे स्क्रू उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आवळून घ्या. पावसाळ्यात ओल्या भिंतीपासून लांब ठेवा. ओलं फडकं कधीच नाही.

बोर्डाला पाचपैकी चार. सोबतच्या सामानाला दीड, आणि तोही डब्यासाठी, डबा चांगला आहे. जाळ्या आणि हलक्या सोंगट्यांबद्दल दुकानदाराशी बोललो तर आधी "सगळ्यांच्या अशाच येतात" म्हणाला. खतावणीतलं वजनांचं पान दाखवल्यावर एक सेट बदलून दिला. तेव्हा घेताना सराफाकडून तोलून घ्या, आणि पावती फाडू नका.